एल्मिनाचे लोक मूळचे कोण?

प्रश्न थोडक्यात असा. घानात कामानिमित्त गेलेल्या एका वाचकाने सुटीच्या दिवशी एल्मिनाचा किल्ला पाहिला. गाइडने तासभर गुलामांच्या कोठड्या दाखवल्या आणि भिंतीतली ती अरुंद फट दाखवली, जिथून माणसं होडीत उतरवत. परतताना टॅक्सीवाल्याचं आडनाव निघालं बार्टेल्स. माणूस काळाकुळकुळीत, बोलतो फांते आणि म्हणतो, "मी एदिनाचा." (एदिना हे एल्मिनाचंच तिथलं नाव.) तर हे लोक मूळचे कोण? डचांचे वंशज, गुलामांचे, की तिथलेच कोळी? आणि गुलामांच्या व्यापारात यांचे पूर्वज कुठल्या बाजूला होते?

आफ्रिकेचा इतिहास मी पंचवीसेक वर्षं शिकवला आणि त्यातले दोन पावसाळे केप कोस्टला राहिलो. तिथून एल्मिना बारा-तेरा किलोमीटर, 'ट्रोट्रो'ने, म्हणजे तिथल्या शेअर व्हॅनने, अर्धा तास. या प्रश्नाने मलाही तिथे एकदा अडचणीत आणलं होतं. बेन्या खाडीच्या काठावर होडी कोरणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "तुमचं घराणं मूळचं कुठलं?" त्यांनी हातातला वाकस खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासोबतच्या विद्यार्थ्याशी पाऊसपाण्यावर बोलायला लागले. विद्यार्थ्याने नंतर समजावलं. अकान लोकांत (फांते आणि असांते हे दोन्ही त्यांतलेच) एक म्हण आहे, खरं तर कायदाच: 'ओबि न्क्येरे ओबि आसे'. कुणी कुणाचं मूळ उघड करायचं नाही. असांतेंच्या परंपरेत हा दंडक ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताच्या नावावर सांगतात. त्यामागे अतिशय व्यावहारिक कारण आहे. विकत घेतलेली, युद्धात धरलेली, आश्रयाला आलेली माणसं दोन पिढ्यांत कुळात मिसळून जात. मग चारचौघांत एखाद्याला "तुझी आजी विकत आणलेली" म्हणणं म्हणजे कूळच फोडणं.

तेव्हा तुमच्या 'की... की...' प्रश्नाचं सरळ उत्तर: तिन्ही, आणि आणखी चार-पाच. एदिना हे गावाचं नाव आहे, वंशाचं नाही. माणसं तिथे आली आणि एदिनाची झाली. ती कशी झाली, हे सांगण्याजोगं आहे.

सुरुवात किल्ल्यापासून करू नका. बेन्या नावाची खाडी समुद्राला मिळते तिथे एक खडकाळ भूशिर आहे. खाडीत होड्या लावायला आडोसा, मागे उथळ पाण्यात मिठागरं. मीठ आजही तिथे पिकतं. आतल्या जंगलात मीठ नाही आणि किनाऱ्यावर सोनं नाही; मीठ आणि खारवलेले-धुरावलेले मासे आत जायचे, सोनं बाहेर यायचं. भूशिराच्या दोन बाजूंना दोन छोटी राज्यं होती, एग्वाफो आणि फेतू, आणि हे गाव त्यांच्या सीमेवर. परंपरा सांगते की क्वा अमांक्वा नावाचा पुढारी आपली माणसं घेऊन इथे आला, त्याला पाणी सापडलं आणि तो थांबला. अशी स्थापनाकथा किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक गावाला असते, म्हणून मी तिच्यावर फार भार टाकत नाही. पण ती एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते: पहिले लोकही आलेलेच होते.

पोर्तुगीज १४७१ मध्ये या किनाऱ्याला लागले. इथे सोनं इतकं सहज मिळालं की त्यांनी जागेला नाव ठेवलं 'अ मिना', म्हणजे खाण. खाण तिथे नव्हतीच. ती आत, दूर. १९ जानेवारी १४८२ ला दियोगो द अझांबुजा सहाशे माणसं घेऊन उतरला: पाचशे सैनिक, शंभर गवंडी-सुतार. घडवलेले दगड, तुळया, चुना सगळं लिस्बनहून जहाजांत भरून आणलेलं. या ताफ्यातलं एक जहाज बार्तोलोमेउ दियसकडे होतं, जो पुढे सहा वर्षांनी आफ्रिकेचं टोक वळसा घालून गेला. म्हणजे गोव्याला पोचलेल्या वाटेचा एक मुक्काम हा.

भेटीचं वर्णन पोर्तुगीज बखरकारांनी ठेवलं आहे. अझांबुजा जरीच्या अंगरख्यात, गळ्यात रत्नजडित साखळी. समोरून गावचा प्रमुख येतो, ज्याला ते 'कारामान्सा' म्हणतात. बहुधा क्वामेना अन्सा. हातापायांत सोनं, गळ्यात घुंगरांची साखळी, दाढीतही सोनं गुंफलेलं. अझांबुजा किल्ल्यासाठी जागा मागतो. प्रमुख म्हणतो, अधूनमधून भेटणाऱ्या मित्रांचं प्रेम टिकतं, शेजारी राहायला आले की बिघडतं. तुम्ही आजवर आलात तसेच येत-जात राहा. या भाषणातले शब्द लिहिणाऱ्याचे असणार, कारण लेखणी त्यांच्या हातात होती आणि काही बखरी पुष्कळ नंतरच्या. पण मुद्दा खोटा वाटत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी काय झालं तेही त्यांनीच लिहिलं आहे. गवंडी किनाऱ्यावरचा खडक फोडायला लागले. तो खडक गावाचं दैवत. लोक धावून आले, काही पोर्तुगीज जखमी झाले. मग भेटवस्तू वाटून प्रकरण शांत केलं आणि किल्ला उभा राहिला. नंतरच्या एका भांडणात गावातली घरंही जाळली. यानंतरचं जवळपास चारशे वर्षांचं नातं याच सुराचं आहे: भांडण, भेट, करार, पुन्हा भांडण.

आता एक गोष्ट जी किल्ल्याच्या फेरीत फारशी सांगत नाहीत. पहिली दीडशे वर्षं एल्मिना मुख्यतः सोन्याचं बंदर होतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे ४०० किलो सोनं इथून लिस्बनला जात असे. उलट गुलाम तिथे बाहेरून आणले जात. बेनिनच्या राज्याकडून (ते आजच्या नायजेरियात) आणि साओ तोमे बेटावरून पोर्तुगीज माणसं आणत आणि एल्मिनात अकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकत. त्या व्यापाऱ्यांना कापड, पितळेची घंगाळं, तांब्याची कडी असा माल आत वाहून न्यायला डोकी हवी होती. त्सेत्से माशीच्या पट्ट्यात बैल-घोडे टिकत नाहीत. शिवाय जंगल तोडून शेतं करायला हात हवे होते. १५०० ते १५३५ या काळात असे दहा-बारा हजार लोक आणले गेले असावेत. त्यांचे वंशज कुठे गेले? अकान कुळांत. आता ती म्हण पुन्हा आठवा.

याच काळात दुआर्ते पाशेको पेरेरा हा इथला गव्हर्नर होता (१५१९-२२). कोचीनचा बचाव करून १५०४ मध्ये नाव कमावलेला तोच. एल्मिनाहून मात्र त्याला बेड्या घालून परत नेलं. आणि भाषेचं म्हणाल तर फांते माणूस ब्रेडला 'पानो' म्हणतो. आपण पाव म्हणतो. दोन्हीची आई एकच, 'पांव'. न्याहारीला पानो मागितला की मला दर वेळी उगाचच माहेरचं वाटायचं.

डचांनी १६२५ मध्ये हल्ला केला तेव्हा तो मोडून काढला तो मुख्यतः गावकऱ्यांनी. पोर्तुगीज मूठभर होते. किनाऱ्यावर उतरलेले शेकडो डच कापले गेले. १६३७ मध्ये डच ब्राझीलहून फौज घेऊन परत आले, समोरच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि किल्ला पडला. आज त्या टेकडीवर फोर्ट सेंट जागो आहे, डच त्याला कुनराड्सबर्ग म्हणत. वर चढून पाहिलं की कळतं: किल्ल्याची सगळी तटबंदी समुद्राकडे तोंड करून, आणि टेकडीवरून त्याचं अंगण तळहातासारखं उघडं. पोर्तुगीजांनी शतकभर ती टेकडी नीट का बांधली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

गुलामांचा अटलांटिक व्यापार इथे जोरात आला तो डचांच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे आणि ते गोड नाही. कोठड्यांत कोंबलेली माणसं एल्मिनाची नव्हती. बहुतेक आतल्या मुलखातून, युद्धांतून आणि बाजारांतून आलेली. एल्मिनाचे लोक दलाल होते, दुभाषे होते, आणि सर्वांत जास्त म्हणजे नावाडी होते. मोठी जहाजं लाटांमुळे काठाला लागू शकत नसत. जहाज आणि किनारा यांमधलं ते पाण्याचं अंतर फक्त तिथल्या होड्याच पार करू शकत. सोनं त्यांनीच नेलं, दारूचे पिंप त्यांनीच आणले, आणि बांधलेली माणसंही त्यांनीच जहाजावर पोचवली. गावातल्या श्रीमंतांच्या घरी स्वतःचे गुलाम होते. हे तिथले इतिहासकार स्पष्ट लिहितात.

पण गुलामांचा आणखी एक वर्ग होता जो गावाचाच भाग झाला. डच वेस्ट इंडिया कंपनीने किल्ल्याच्या कामासाठी ठेवलेले: गवंडी, सुतार, लोहार, पिंपं बनवणारे कूपर, माळी. यातले बरेच पूर्वेकडून, आजच्या टोगो-बेनिनच्या किनाऱ्यावरून आणलेले, म्हणजे पळून गेले तरी जवळ घर नाही. त्यांची घरं गावात होती, लग्नं गावात झाली. त्यांच्या मुलांनी पुढे काय केलं? स्वतःची असाफो काढली.

या असाफोपाशी थोडं थांबू, कारण एदिना म्हणजे काय ते इथे कळतं. 'सा' म्हणजे युद्ध, 'फो' म्हणजे लोक. प्रत्येक असाफो ही एकेका वस्तीची लढाऊ कंपनी: तिचा क्रमांक, झेंडे, ढोल, रंग, गाणी, आणि शेजारच्या कंपनीशी पिढीजात चुरस. आग लागली, होडी बुडाली, माणूस हरवला तर धावणारी तीच. फांते माणसाचं कूळ, म्हणजे 'एबुसुआ', आईकडून येतं. जमीन-जुमला मामाकडून भाच्याला. असाफो मात्र बापाकडून. म्हणून बाहेरच्या पुरुषाची, मग तो डच असो, बेनिनचा असो की आतला, मुलंही आईच्या कुळामुळे गावची होतात. आणि आई बाहेरची असेल तरी बापाच्या असाफोमुळे गावची होतात. दोन दारं. एक बंद असलं तरी दुसरं उघडं. एल्मिनाची गंमत अशी की इथे प्रमुखपदही बापाकडून चालतं, जे फांते मुलखात जवळपास कुठेच नाही. कारणांविषयी अभ्यासकांचे तर्क वेगवेगळे आहेत. मला असाफोंच्या जोरात ते सर्वांत पटण्याजोगं वाटतं. या कंपन्यांची देवस्थानं, 'पोसुबान', गावात रस्त्याकडेला दिसतात: सिमेंटची, भडक रंगवलेली. एकावर चक्क आदम आणि हव्वा उभे आहेत. पर्यटक फोटो काढतात आणि किल्ल्याकडे निघतात. खरा इतिहास मागे राहतो.

आता बार्टेल्स. डच अधिकारी आणि एल्मिनाच्या स्त्रिया यांच्या मुलांना डच 'तापूयर' म्हणत. त्यांच्यातले काही स्वतंत्र नागरिक म्हणून मान्यता मिळालेले, स्वतःचा नगराध्यक्ष असलेले, मोठे व्यापारी. कारेल हेन्ड्रिक बार्टेल्स हा एका डच गव्हर्नरचा मुलगा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावातल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक. तुमचा टॅक्सीवाला त्याच्या रक्ताचा असेलही. नसेलही. मोठ्या घरातले आश्रित, चाकर, त्यांची मुलं हीही घराचं नाव लावत. आडनावावरून रक्त ओळखायला जाऊ नका. फार तर कुठल्या वाड्याशी संबंध होता एवढं कळेल.

या मिश्रणातून विचित्र आयुष्यं घडली. याकोबुस कापितेन नावाचा मुलगा लहानपणी विकला गेला, एल्मिनात एका डच व्यापाऱ्याला भेट म्हणून दिला गेला. तो त्याला हॉलंडला घेऊन गेला. मुलगा लायडेन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकला आणि १७४२ मध्ये त्याने लॅटिनमध्ये प्रबंध मांडला: ख्रिस्ती धर्म आणि गुलामगिरी यांत विरोध नाही! मग तो पाद्री होऊन एल्मिनाच्या किल्ल्यातच आला. शाळा चालवली, प्रभूची प्रार्थना फांतेत आणली. स्थानिक मुलीशी लग्न करायचं होतं, ते चर्चने होऊ दिलं नाही. ना डचांनी त्याला आपला मानला ना गावाने, आणि १७४७ मध्ये तिशीतच तो गेला. खालच्या कोठड्या भरलेल्या असताना वरच्या मजल्यावर हा माणूस प्रवचन देत होता. वर्गात हे सांगताना मी नेहमी थोडा थांबायचो.

एक धागा तर थेट जावाला जातो. १८३० च्या दशकापासून १८७२ पर्यंत डचांनी आपल्या ईस्ट इंडीजच्या सैन्यासाठी एल्मिनातून सुमारे तीन हजार आफ्रिकी शिपाई भरती केले. पुष्कळसे प्रत्यक्षात आतल्या बाजारांतले गुलाम. पगारातून स्वतःची सुटका फेडायची अशी सोय. जावात त्यांना 'बेलांदा हितम', काळे डच, म्हणत. जे परतले त्यांना सेंट जागोच्या मागच्या टेकडीवर जमीन मिळाली. तिला आजही जावा हिल म्हणतात. घानातल्या बायकांचं मेणाच्या छपाईचं कापड याच शिपायांनी आणलेल्या बाटिकमधून आलं असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण या कापडामागे डच गिरण्यांचा व्यापारी हिशोब बराच मोठा.

आणि शेवटी ती जागा, जी तुम्ही बहुधा पाहिली आणि लक्षात आली नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला भूशिरावर मोकळं मैदान आहे ना? जुनं एल्मिना तिथे होतं. दाटीवाटीची दगडी घरं, काही दुमजली. १८७० च्या सुमारास गावाची वस्ती १५ ते २० हजार असावी असा अंदाज आहे.

आज ते का नाही? आतल्या मुलखातल्या असांते राज्याच्या राजाला, कुमासी या त्याच्या राजधानीत, डच दरमहा दोन औंस सोनं देत. कशासाठी? डच म्हणत, मैत्रीखातर आणि व्यापार चालू राहावा म्हणून. असांतेहेने, म्हणजे असांते राजा, कोफी कारिकारी १८७० मध्ये म्हणाला, हा माझ्या पूर्वजांना मिळणारा खंड आहे. आम्ही देंकिरा राज्याचा राजा न्तिम ग्याकारी याला हरवलं तेव्हा हा हक्क जिंकला, तेव्हा एल्मिना माझं. डचांना जागा ब्रिटिशांना द्यायची होती. त्यांनी हेन्री प्लांगे नावाचा दूत कुमासीला पाठवला आणि त्याने राजाने दावा मागे घेतल्याचा कागद आणला. त्या कागदावर तेव्हाही अनेकांचा विश्वास नव्हता, माझाही नाही. ६ एप्रिल १८७२ ला किल्ल्यावर ब्रिटिश झेंडा चढला.

गावाचा प्रमुख कोबिना ग्यान याचं म्हणणं वेगळंच होतं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. किल्ल्यात बोलावून त्याला निष्ठेच्या कागदावर सही करायला सांगितली. तो म्हणाला: किल्ला डचांचा होता, तो त्यांनी द्यावा, पण एल्मिनाचे लोक स्वतंत्र आहेत, ते काही कुणाला देण्याची वस्तू नाहीत. फाशी द्यायची तर द्या, सही करणार नाही. त्याला सिएरा लिओनला हद्दपार केलं. १८९४ मध्ये परत येऊ दिलं. असांते फौज किनाऱ्याकडे आली आणि गाव हत्यारं टाकेना, तेव्हा १३ जून १८७३ ला ब्रिटिशांनी तोफा डागून जुनं गाव उद्ध्वस्त केलं. परत बांधू दिलं नाही. परेडचं मैदान केलं. पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर डिकोर्स यांनी १९८० च्या दशकापासून तिथे उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली, राहत्या खोल्यांच्याच खाली, घरच्या माणसांची दफनं निघाली. भांडी युरोपची, पाइप युरोपचे. पण मेलेल्या माणसाला घरातच ठेवण्याची रीत तिथलीच.

एकच आणखी. १८८० मध्ये कॅथलिक मिशनरी एल्मिनात आले, तेव्हा गावात 'न्तोना' नावाचं दैवत आणि त्याचे सेवक 'सांतोनाफो' होते. मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघे. न्तोना म्हणजे पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला सांत आंतोनियो, आपल्या गोव्यातलाच. जवळपास अडीचशे वर्षं कॅथलिक पाद्री नव्हता, तरी गावाने त्याला सांभाळला, पण आपल्या पद्धतीने. माणसांचं केलं तेच संतांचंही केलं.

पुन्हा जाणार असाल तर जुलैतला पहिला मंगळवार साधा, बाकातुए असतो. त्याआधी काही आठवडे बेन्यात मासेमारी बंद. त्या दिवशी उकडून कुस्करलेलं याम, पाम तेल आणि अंडी खाडीला वाहतात, मग तीनदा पाग टाकतात आणि खाडी मोकळी होते. होड्यांच्या मिरवणुकीत असाफो आपापल्या रंगांत असतात. टॅक्सीवाले बार्टेल्स भेटले तर त्यांना मूळ विचारू नका. वडिलांची असाफो कुठली एवढं विचारा, आणि मग निवांत वेळ हाताशी ठेवा, कारण शेजारच्या कंपनीला त्यांनी कधी काय धडा शिकवला ते सगळं ऐकावं लागेल.